खंडन हवे, विटंबना नको

१८९१ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील ही गोष्ट. लंडननजीक सरे परगण्यातील ब्रुकवुडच्या दफनभूमीत चार्ल्स ब्रॅडलॉ या ब्रिटिश संसद सदस्याचा अंत्यविधी आटोपून मंडळी परतीच्या गाडीची वाट पाहत स्थानकावर उभी होती. ब्रॅडलॉ हे त्या काळातील इंग्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध नास्तिक. तथापि ते भारताचे मित्र होते आणि म्हणूनच लंडनमध्ये राहणारे बहुतेक सारे भारतीय त्यांना अखेरचा निरोप द्यायला आले होते. त्यांत बॅरिस्टरीचा अभ्यास करणारा मोहनदास गांधी नावाचा एकवीस वर्षांचा एक तरुणही होता. विशेष म्हणजे काही ख्रिस्ती धर्मगुरूही या नास्तिकाच्या अंत्ययात्रेला आवर्जून उपस्थित होते.

स्थानकावर एका कडव्या नास्तिकाने या धर्मगुरूंपैकी एकाला गाठले. ईश्वर आहे असे आपण मानता ना, असा त्याने प्रश्न केला. धर्मगुरूने हळू आवाजात होकार दिला. पृथ्वीचा परीघ अमुक हजार मैल आहे, हेही आपल्याला मान्य असेलच, असा दुसरा प्रश्न आला. त्यालाही होकार मिळाला. मग आपल्या ईश्वराचा आकार केवढा आणि त्याचा मुक्काम कोठे, ते सांगा पाहू, असा तिसरा प्रश्न त्याने टाकला. जाणून घेतले तर तो आपल्या दोघांच्याही हृदयात वसतो, असे उत्तर धर्मगुरूने दिले. त्यावर, मला काय कुक्कुलं बाळ समजता, असे म्हणून त्या वादपटूने विजयी मुद्रेने भोवती जमलेल्यांकडे पाहिले. धर्मगुरू नम्रपणे गप्प राहिला.

हा प्रसंग गांधीजींनी पुढे आपल्या आत्मकथेत नोंदवला आहे. या संवादाने आपल्या मनातील नास्तिकतेविषयीची अप्रीती अधिकच वाढली, असा अभिप्रायही त्यांनी दिला आहे. वस्तुतः वादात त्या दिवशी कोण जिंकले? जमलेल्या बघ्यांच्या हिशेबाने नास्तिक जिंकला. मात्र ज्या तरुणाचे मन त्या वयात खुले होते, जो धर्मग्रंथ चाळत होता आणि कोणत्याही बाजूला झुकू शकला असता, तो त्या नास्तिकाच्या हातून कायमचा निसटला. त्याला ना तर्काने दूर लोटले, ना कोणत्या धर्मग्रंथाने. त्याला दूर लोटले ते त्या विजयी मुद्रेने.

ख्रिस्ती श्रद्धावान आणि निरीश्वरवादी यांच्यातील वाद गेली दीडशे वर्षे पाश्चात्त्य जगात अखंड चालू आहे. त्या वादाचे स्वरूप तेव्हाही असेच होते आणि आजही पुष्कळ अंशी तसेच आहे. समोरच्याला पटवून देण्यापेक्षा बघ्यांकडून टाळ्या मिळवणे सोपे असते. हा मोह दोन्ही पक्षांना पडला आहे, आणि त्याची किंमतही दोन्ही पक्षांनी मोजली आहे.

छळाने घडवलेले नास्तिक

स्थानकावरील त्या उद्धट माणसाला दोष देऊन मोकळे होणे मात्र न्यायाचे होणार नाही. त्याच्या बोलण्यातील कडवटपणा आकाशातून पडलेला नव्हता. ज्यांना मूठमाती देऊन तो परतत होता, त्या ब्रॅडलॉ यांचे चरित्रच पाहिले म्हणजे त्या कडवटपणाचे मूळ ध्यानी येते.

१८३३ साली लंडनमधील एका गरीब कुटुंबात जन्मलेले ब्रॅडलॉ लहानपणी श्रद्धाळू होते. चर्चच्या रविवारच्या शाळेत ते शिकवत असत. बायबलमधील वचने आणि चर्चची अधिकृत मतसूत्रे यांत काही ठिकाणी मेळ बसत नाही, हे अभ्यास करताना त्या किशोरवयीन मुलाच्या लक्षात आले. त्याने आपल्या धर्मगुरूला त्याचा खुलासा विचारला. खुलासा मिळाला असता तर कदाचित इंग्लंडला एक चांगला धर्मोपदेशक लाभला असता. पण धर्मगुरूने शंका विचारणाऱ्यालाच नास्तिक ठरवले, त्याचे शिकवणे थांबवले आणि वडिलांकडे तक्रार केली. परिणामी त्या मुलाला घर सोडावे लागले. त्याला आसरा दिला तो स्वतंत्र विचाराच्या मंडळींनीच. पुढे हाच मुलगा ‘मूर्तिभंजक’ या अर्थाचे टोपणनाव घेऊन बायबलवर घणाघाती टीका करू लागला आणि १८६६ साली त्याने नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली. एका प्रामाणिक प्रश्नाला दिलेल्या अपमानास्पद उत्तराचे हे फळ होते.

१८८० साली नॉर्दॅम्प्टन या जोडे तयार करणाऱ्या कारागिरांच्या गावाने ब्रॅडलॉ यांना संसदेवर निवडून दिले. सदस्यत्वाची शपथ ईश्वराला स्मरून घ्यावयाची असे. तिच्याऐवजी साधे प्रतिज्ञावचन देण्याची मुभा त्यांनी मागितली. ती नाकारण्यात आली. तेव्हा ते प्रचलित शपथ घ्यायला तयार झाले, तर नास्तिकाच्या शपथेला अर्थ नाही, असे कारण पुढे करून तीही नाकारण्यात आली. सभागृह सोडण्यास नकार दिल्याबद्दल त्यांना संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यातील कोठडीत ठेवण्यात आले. १८८१ साली तर पोलिसांनी आणि संसदेच्या नोकरांनी त्यांना ओढत, कपडे फाटेपर्यंत झटापट करीत बाहेर काढले. मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून द्यावे आणि सभागृहाने पुन्हा पुन्हा दाराबाहेर ठेवावे, असा प्रकार सुमारे साडेपाच वर्षे चालला. अखेर १८८६ च्या जानेवारीत नव्या सभापतींनी कोणाचाही आक्षेप ऐकून न घेता त्यांना शपथ घेऊ दिली.

त्यांच्या सहकारी ॲनी बेझंट यांची कहाणी याहून हृदयद्रावक आहे. एका पाद्र्याची ही पत्नी. मुलीच्या जीवघेण्या दुखण्यात त्यांच्या श्रद्धेला तडा गेला, पतीचे घर सुटले आणि त्या निरीश्वरवादाकडे वळल्या. १८७८ साली न्यायालयाने त्यांची लहान मुलगी मेबल हिचा ताबा त्यांच्याकडून काढून घेतला. त्यासाठी संततिनियमनाच्या पुस्तकाचे प्रकाशन हे जसे एक कारण धरण्यात आले, तसेच आईची नास्तिक मतेही. अशी आई मुलीला वाढवण्यास योग्य नाही, असे ख्रिस्ती राज्याच्या न्यायपीठाचे मत पडले. दयेचा आणि क्षमेचा उपदेश करणाऱ्या धर्माच्या नावाने एका आईपासून तिचे मूल तोडण्यात आले. या बेझंटबाई पुढे १८८९ मध्ये थिऑसफीकडे वळल्या, १८९३ मध्ये भारतात आल्या, त्यांनी काशीला सेंट्रल हिंदू कॉलेज स्थापन केले आणि १९१७ साली त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, हे वाचकांना ठाऊकच आहे. आध्यात्मिकतेची ओढ असलेली ही स्त्री नास्तिकतेच्या वाटेने काही वर्षे का चालली आणि स्वदेशातील चर्चकडे ती पुन्हा का परतली नाही, याचे उत्तर त्या न्यायालयीन निकालात बऱ्याच प्रमाणात सापडते.

श्रद्धावंताने केलेले रक्षण

याच काळोखात एक तेजस्वी प्रसंग घडला आणि तो घडवणारा नास्तिक नव्हता. पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन हे अत्यंत धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते. नित्य प्रार्थना आणि धर्मग्रंथांचे परिशीलन हा त्यांच्या जीवनाचा भाग होता. ब्रॅडलॉ यांची मते त्यांना मनापासून तिरस्करणीय वाटत. असे असूनही शपथेऐवजी प्रतिज्ञावचनाची मुभा देणाऱ्या विधेयकाच्या समर्थनार्थ २६ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी केलेले भाषण संसदेच्या इतिहासातील थोर भाषणांत गणले जाते.

त्यांच्या युक्तिवादाचे सार असे होते. कोणत्यातरी धूसर देवाला मानणारा, पण ख्रिस्ती शिकवणीशी काडीचाही संबंध नसलेला मनुष्य आजच्या शपथेने बिनदिक्कत आत येतो. मग ही शपथ ख्रिस्ती धर्माचे रक्षण ते काय करते? ती फक्त प्रामाणिकपणे अश्रद्धा कबूल करणाऱ्याला बाहेर ठेवते. दुसरा मुद्दा अधिक खोल होता. धर्माचे नाव अन्यायाशी जोडले गेले, तर सामान्य माणूस अन्यायाबरोबर धर्मालाही दूर सारू लागतो. ब्रॅडलॉ यांना दाराबाहेर ठेवून आपण श्रद्धा वाचवत नसून श्रद्धेविषयी लोकांच्या मनात संशय पेरत आहोत, हे त्यांनी सभागृहाला परोपरीने सांगितले.

विधेयक अवघ्या तीन मतांनी फेटाळले गेले. विरोधकांपैकी अनेकांना धर्मापेक्षा ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळाला अडचणीत आणण्यात अधिक रस होता, हेही येथे नोंदवले पाहिजे. धार्मिक भावनांचे भांडवल करून राजकीय हिशेब चुकते करण्याची रीत कोणत्याही एका देशाची वा काळाची नाही. मात्र ब्रॅडलॉ यांच्याच प्रयत्नाने १८८८ साली शपथेसंबंधीचा कायदा सुधारला गेला. पुढे ते मृत्युशय्येवर असताना, १८९१ च्या जानेवारीत, आपला १८८० सालचा ठराव संसदेने स्वतःच कामकाजाच्या नोंदींतून रद्द केला. ते ऐकण्याइतकी शुद्ध ब्रॅडलॉ यांना उरली नव्हती.

स्वमताशी यत्किंचितही तडजोड न करता विरोधी मताच्या माणसाचा हक्क राखणे, यालाच खऱ्या अर्थाने परस्परादर म्हणतात. ग्लॅडस्टन यांनी नास्तिकता बरोबर आहे असे एका शब्दानेही म्हटले नाही. सर्व मते सारखीच, असे गुळमुळीत बोलून त्यांनी वाद टाळलाही नाही. आदर म्हणजे मतांची सरमिसळ नव्हे, हे त्यांनी आचरणाने दाखवले.

मुंबईकरांचा येथे एक अभिमानाचा दुवा आहे. १८८९ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पाचवे अधिवेशन मुंबईला भरले, तेव्हा आजारातून उठलेले ब्रॅडलॉ त्यास उपस्थित राहिले. त्या अधिवेशनाला ‘ब्रॅडलॉ काँग्रेस’ असेच नाव पडले. सन १८८९ आणि प्रतिनिधीही १८८९, असा योगायोग त्या वेळी चर्चेचा विषय झाला होता. टिळक आणि गोखले हे तरुण नेते तेथे होते. नित्य संध्या करणारे ब्राह्मण, अग्यारीत जाणारे पारशी, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा सर्वांनी या घोषित नास्तिकाचा जयजयकार केला. तुमचा देव कोणता, असे त्यांना कोणी विचारले नाही. तथापि आपल्याला फार फुशारकी मारण्याचे कारण नाही. त्याच काळात अज्ञेयवादी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्याचा पराक्रम पुण्याने केला.

शालीनतेची कसोटी आणि तिचे वैगुण्य

ग्लॅडस्टन यांचे भाषण झाले त्याच वसंतात लंडनच्या न्यायालयांत दुसरा एक खटला गाजत होता. ‘फ्रीथिंकर’ या पत्राचे संपादक जॉर्ज विल्यम फूट यांनी १८८२ च्या नाताळ अंकात बायबलमधील प्रसंगांवर व्यंगचित्रे छापली होती. उपहास हे आपले एक शस्त्र राहील, असे त्यांनी पत्राच्या आरंभीच घोषित केले होते. न्यायमूर्ती नॉर्थ यांनी त्यांना बारा महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा ठोठावली. ही शिक्षा आपल्या धर्माला साजेशीच आहे, असे म्हणून फूट यांनी न्यायमूर्तींचे आभार मानले. त्या एका वाक्याने शिक्षेचा सारा नैतिक भार न्यायपीठावर उलटला.

त्यांच्यावरील दुसरा खटला सरन्यायाधीश कोलरिज यांच्यापुढे चालला. त्यांनी ज्यूरीला सांगितलेले तत्त्व पुढे अनेक दशके प्रमाण मानले गेले. वादविवादातील शालीनता पाळली, तर धर्माच्या मूलतत्त्वांवरही हल्ला करता येतो आणि तो गुन्हा ठरत नाही, असे ते तत्त्व. याचा अर्थ काय म्हटले यापेक्षा कसे म्हटले यावर गुन्हा ठरू लागला. खंडन करा, विटंबना करू नका, असा हा दंडक होता. मनुष्यस्वभावाचा विचार करता तो शहाणपणाचाच वाटतो.

पण शहाणपणाचा दंडक कायद्याच्या हाती गेला की काय होते, हेही पाहिले पाहिजे. विद्यापीठात शिकलेला विद्वान जाडजूड ग्रंथात संयत भाषेत ख्रिस्ती धर्माचा पाया उखडू पाहत असे. त्याला कोणी हात लावत नसे. तेच मत रस्त्यावरच्या कोपऱ्यावर उभा राहून रांगड्या भाषेत मांडणारा कामगार मात्र तुरुंगात जात असे. जॉन विल्यम गॉट हा ब्रॅडफर्डचा विजारी विकणारा व्यापारी या अन्यायाचा अखेरचा बळी. गाढवांवरून जेरुसलेमात प्रवेश करणाऱ्या येशूला त्याने सर्कशीतल्या विदूषकाची उपमा दिली. उपमा अत्यंत हीन होती, यात शंका नाही. पण त्यासाठी १९२१ साली त्या आजारी माणसाला नऊ महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि सुटकेनंतर लवकरच तो मरण पावला. शालीनता ही संस्काराने येते. दंडुक्याने आणलेली शालीनता ही सुशिक्षितांची सोय आणि अशिक्षितांची शिक्षा ठरते.

ब्रिटिश पार्लमेंटने इंग्लंड आणि वेल्समधील ईश्वरनिंदेचा हा जुना गुन्हा अखेर २००८ साली रद्द केला. आयर्लंडने २०१८ साली सार्वमत घेऊन ईश्वरनिंदेचा उल्लेख घटनेतून काढून टाकला. कायदा गेला. मग आदर कोणाच्या भरवशावर टिकायचा, हा प्रश्न मात्र उरला.

दोन वाद, दोन धडे

या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकातील दोन प्रसंगांतून मिळते. १९४८ च्या जानेवारीत बीबीसीच्या नभोवाणीवर ईश्वराच्या अस्तित्वाविषयी एक चर्चा झाली. एका बाजूला जेझुइट धर्मगुरू आणि तत्त्वज्ञानाचे इतिहासकार फ्रेडरिक कोपलस्टन, तर दुसऱ्या बाजूला बर्ट्रांड रसेल. रसेल यांची लेखणी उपहासात किती निष्णात होती, हे त्यांच्या वाचकांना सांगायला नको. तथापि त्या दिवशी दोघांनीही प्रथम ‘ईश्वर’ या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, हे ठरवून घेतले आणि मगच वादाला आरंभ केला. विश्वाला कारण असलेच पाहिजे का, आणि नीतीचे अधिष्ठान कोणते, या प्रश्नांवर ते तसूभरही एकमत झाले नाहीत. पण प्रत्येकाने दुसऱ्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडला. म्हणूनच तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी ती चर्चा आजही अभ्यासतात.

दुसरा प्रसंग १९७९ च्या नोव्हेंबरातील. ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या विनोदी चित्रपटावरून इंग्लंडमध्ये गदारोळ उठला होता. येशूच्याच काळात जन्मलेल्या आणि चुकून प्रेषित समजल्या गेलेल्या एका सामान्य माणसाची ती कथा. दूरचित्रवाणीवरील चर्चेत चित्रपटाकडून जॉन क्लीझ आणि मायकेल पेलिन हे नट आले होते, तर ख्रिस्ती बाजूने लेखक माल्कम मगरिज आणि सदर्कचे बिशप मर्विन स्टॉकवुड. नटांनी आपल्या कलाकृतीमागचा विचार गांभीर्याने मांडला. येशूची थट्टा केलेली नाही, आंधळेपणाने कोणाच्याही मागे धावणाऱ्या झुंडीची थट्टा केली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. बिशपमहाशयांनी मात्र वडीलकीच्या तुच्छतेने त्यांची हेटाळणी केली आणि शेवटी, तुम्हाला तुमची तीस रुपेरी नाणी मिळतील, असा टोमणा मारला. येशूचा विश्वासघात करणाऱ्या जुडासने घेतलेली ती किंमत. दोघेही टीकाकार चित्रपटाला उशिरा पोहोचले होते आणि ब्रायन व येशू या दोन निराळ्या व्यक्ती असल्याचे दाखवणारा आरंभीचा भागच त्यांच्या नजरेखालून गेला नव्हता, हे नंतर उघड झाले.

उपहास ही नास्तिकांचीच मिरासदारी आहे, असा जो समज आहे तो या प्रसंगाने खोटा ठरतो. त्या रात्री विदूषकांनी धर्मगुरूंसारखे गांभीर्य दाखवले आणि धर्मगुरूंनी विदूषकी केली. ज्या वस्तूचे खंडन करायचे ती आधी पूर्ण पाहावी, वाचावी, समजून घ्यावी, ही वादाची पहिली अट आहे. आपल्या परंपरेत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला उभे राहता येत नसे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांनी आपल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’चा आरंभच चार्वाकमताने केला, तो याच शिस्तीतून.

पारडे फिरले, तेव्हा

एकविसाव्या शतकात परिस्थिती पालटली. इंग्लंड आणि वेल्सच्या २०११ च्या जनगणनेत ५९.३ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवले होते. २०२१ मध्ये हे प्रमाण ४६.२ टक्क्यांवर आले. कोणताही धर्म नाही असे सांगणारे याच दहा वर्षांत २५.२ वरून ३७.२ टक्क्यांवर गेले. फूट आणि गॉट उपहास करीत तेव्हा त्यांच्यापुढे तुरुंग होता. आज विद्यापीठांत आणि प्रसारमाध्यमांत ख्रिस्ती श्रद्धेची टिंगल करणाऱ्याला टाळ्या मिळतात. दुबळ्याने सत्ताधीशाची केलेली थट्टा आणि बलवानाने खचलेल्याची केलेली थट्टा यांचे शब्द एकच असले, तरी नैतिक मूल्य एकच नसते.

जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांचे ‘द गॉड डिल्यूजन’ २००६ साली प्रसिद्ध झाले. मार्च २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या मेळाव्यात त्यांनी धार्मिक समजुतींची जाहीर थट्टा करा, असे श्रोत्यांना आवाहन केले. पुढे २०२४ च्या ईस्टरच्या सुमारास त्याच डॉकिन्स यांनी आपण ‘सांस्कृतिक ख्रिस्ती’ आहोत, आपली ईश्वरावर श्रद्धा नाही, पण भजने, नाताळगीते आणि भव्य चर्चवास्तू नाहीशा होऊ नयेत असे आपल्याला वाटते, अशी कबुली दिली. ज्या वृक्षाची फळे हवीत त्याच्या मुळांची टवाळी किती करावी, हा विवेक आयुष्याच्या उत्तरार्धात तरी सुचला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे.

याहून हृद्य कथा क्रिस्टोफर हिचन्स यांची. २००७ साली धर्मावर जहाल पुस्तक लिहिणाऱ्या या पत्रकाराला २०१० मध्ये अन्ननलिकेचा कर्करोग झाला. तेव्हा काही ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी आनंद व्यक्त केला. ज्या कंठाने ईश्वरनिंदा केली त्याच कंठाला देवाने शिक्षा दिली, असे लिहिण्यापर्यंत त्यांची मजल गेली. याच्या उलट अनेक श्रद्धाळूंनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, त्यासाठी सप्टेंबर २०१० मधील एक दिवसही मुक्रर केला. आणि फ्रान्सिस कॉलिन्स त्यांच्या मदतीला धावले. कॉलिन्स हे मानवी जनुकसंचाच्या संशोधनाचे नेतृत्व केलेले वैज्ञानिक आणि निष्ठावान ख्रिस्ती. हिचन्स यांच्याशी त्यांचे जाहीर मतभेद होते. तरीही जनुकांच्या अभ्यासावर आधारित नव्या उपचारांची वाट त्यांनी हिचन्स यांना दाखवली आणि अखेरपर्यंत मैत्री निभावली. हिचन्स यांनीही त्यांच्याविषयी अत्यंत आदराने लिहिले. १५ डिसेंबर २०११ रोजी हिचन्स वारले ते नास्तिक म्हणूनच. कॉलिन्स ख्रिस्तीच राहिले. कोणी कोणाला जिंकले नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या एखाद्या तरुणाने हे दोन माणूस पाहिले असते, तर त्याच्या मनात ना नास्तिकतेविषयी अप्रीती वाढली असती, ना श्रद्धेविषयी.

आपल्या दारातील प्रश्न

हा सारा विषय सातासमुद्रापलीकडचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. २०१२ च्या मार्च महिन्यात मुंबईत इर्ला येथील चर्चजवळच्या क्रूसावरील येशूच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि भाविकांची गर्दी झाली. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी पाहणी करून, तुंबलेल्या सांडपाण्याचा ओलावा भिंतीतून केशाकर्षणाने वर चढत आहे, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर दूरचित्रवाणीवरील चर्चेत त्यांनी चर्चवर चमत्कारांचा बाजार मांडल्याचा आरोप केला. काही कॅथलिक संघटनांनी भारतीय दंडविधानाच्या कलम २९५-अ खाली पोलिसांत तक्रारी नोंदवल्या. अटकेच्या शक्यतेने एडामरुकू त्याच वर्षी फिनलंडला निघून गेले आणि तेथेच राहिले. हे कलम १९२७ सालचे. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम २९९ च्या रूपाने कायम आहे.

या प्रकरणात दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत. पाणी कोठून येते, हा तथ्याचा प्रश्न होता. भिंत तपासणे ही श्रद्धेची विटंबना होत नाही. तेच पाणी तीर्थ म्हणून एखाद्या लेकराच्या तोंडात घालण्यापूर्वी ते तपासले गेले, याबद्दल भाविकांनी आभारच मानायला हवे होते. एखाद्या संस्थेच्या हेतूंवर आरोप करणे, ही दुसरी गोष्ट. त्याला पुराव्याने, वादाने, लेखणीने उत्तर देता आले असते. पोलीस ठाण्याची पायरी चढल्यामुळे चर्चची बाजू बळकट झाली नाही. उलट गटारीच्या पाण्याची ती कथा जगभर गेली. जो प्रश्न प्लंबरने सुटत होता, तो शिपायावर सोपवला गेला. धर्म कोणताही असो, भावना दुखावल्या की फौजदाराला हाक मारणाऱ्या प्रत्येकाने या उदाहरणात आपले मुख पाहून घ्यावे.

मग उपहासाला स्थानच नाही काय? असे कोण म्हणेल? ढोंगाची थट्टा व्हायलाच हवी. आपल्या संतांनीही दांभिकांना शब्दांचे फटके मारताना हात आखडता घेतला नाही. पण त्यांचा घाव ढोंगावर होता, भाबड्या भक्ताच्या डोळ्यांतील पाण्यावर नव्हता. मत आणि मनुष्य यांतील हे अंतर राखता आले पाहिजे. मताचे खंडन जितके कठोर करता येईल तितके करावे. मात्र त्यासाठी समोरच्याचे म्हणणे त्याच्याच तोलामोलाच्या शब्दांत मांडता आले पाहिजे. आपल्या बोलण्याने समोरचा विचारात पडणार आहे की केवळ आपली माणसे हसणार आहेत, हे बोलण्यापूर्वी स्वतःला विचारावे. आणि आपला पक्ष बलवान असेल, तर जिभेला दुप्पट लगाम घालावा.

ब्रुकवुडच्या स्थानकावर त्या दिवशी उत्तर न सुचलेला तो धर्मगुरू कोण होता, त्याचे नाव इतिहासाने राखलेले नाही. ज्याने आयुष्यभर आपल्या धर्मग्रंथावर प्रहार केले, त्याला मूठमाती देण्यासाठी तो आगगाडीचे तिकीट काढून आला होता. वादात त्याची हार झाली, आणि तरीही एकवीस वर्षांच्या त्या भारतीय तरुणाच्या स्मरणात तो राहिला, चौतीस-पस्तीस वर्षांनंतर आत्मकथेत उतरण्याइतका राहिला. श्रद्धावान असोत वा अश्रद्ध, आपल्या विरोधकाच्या अंत्ययात्रेला जाण्याइतके मन ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी वादात जरूर उतरावे. ते ज्यांच्यापाशी नाही, त्यांच्या हाती कितीही अचूक तर्क असला, तरी विजयी मुद्रेपलीकडे त्यांच्या पदरात काही पडत नाही.